लॅमिंग्टन रोडवरील एक दुरुस्तीचे दुकान आणि जुन्या व्हिडिओ गेमचा आवाज

व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे दुरुस्त करून देणारी दुकाने मुंबईत आता फार उरलेली नाहीत, आणि जी आहेत त्यांतील बहुतेकांचे काम पडद्यावर चित्र उमटले की संपते. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील ज्या दुकानात मी गेल्या दोन महिन्यांत चार वेळा जाऊन आले, तेथे मात्र चित्राच्या आधी आवाजाची चौकशी होते, आणि एवढ्या एका कारणासाठी मला त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. काका आणि त्यांची पुतणी असे दोघेच काम पाहतात. कामाचा ढीग आधीच मोठा असल्यामुळे दुकानाचे नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ज्यांना खरोखर जायचे असेल त्यांनी त्या रस्त्यावरील सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला ‘व्हिडिओ गेमवाले काका’ कुठे बसतात, असे विचारावे. तो जिना दाखवतो.

या वर्षी गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना पोटमाळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत आमचा व्हिडिओ गेम सापडला. १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी माझ्या भावासाठी आणि माझ्यासाठी आणलेले ते यंत्र म्हणजे जपानी निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. सोबत सात-आठ कॅसेटी होत्या. कार्ट्रिज हा शब्द त्या काळी आमच्या चाळीत कोणाच्याही तोंडी नव्हता. ती कॅसेटच, आणि चालेनाशी झाली की तिच्या पिनांवर फुंकर मारायची. सापडलेले यंत्र सुरू होत होते, चित्रही बरे दिसत होते; परंतु आवाजात एक जाड, सलग घुंघुं भरून राहिली होती आणि तिच्याखाली संगीत बुडून गेले होते. लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी मी ते उपनगरातील एका दुकानात दिले होते. तेथे चित्र दाखवून, जुन्या मशीनचा आवाज असाच येतो, असे सांगण्यात आले आणि तीनशे रुपये घेण्यात आले. ते उत्तर मला पटले नाही, कारण ते संगीत मला पाठ आहे. आठव्या वर्षापासून मी पेटी शिकत होते आणि त्याच सुट्टीत मारिओच्या गेमची सुरावट मी कानाने ऐकून पेटीवर बसवली होती. तो आवाज कसा होता, हे मला पक्के आठवत होते.

काकांनी यंत्र हातात घेतल्यावर ते टीव्हीला जोडलेच नाही. आवाजाची तार काढून त्यांनी ती एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला लावली, डोळे मिटून मिनिटभर ऐकले आणि मलाही ऐकायला लावले. घुंघुं एकसारखी असेल तर दोष सप्लायमध्ये. पडद्यावरील चित्र बदलले की तीही बदलत असेल तर चित्राची तार आवाजात शिरते आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते, अ‍ॅडॉप्टरमध्ये तिची एकाच दिशेने वाहणारी वीज होताना १०० हर्ट्झची लाट मागे राहते आणि ती गाळण्याचे काम ज्या कंडेन्सरने करायचे, तो तीस वर्षांत सुकून जातो. आमच्या यंत्राचे दुखणे नेमके हेच होते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर ती घुंघुं मंद्र सप्तकातील एका अखंड षड्जासारखी होती, आणि गेममधील सुरावटीची पट्टी वेगळी असल्यामुळे सगळे संगीत बेसूर भासत होते.

खोलून पाहिल्यावर काकांना आनंद झाला, आणि त्याचे कारणही त्यांनी दाखवले. नंतरच्या काळातील स्वस्त नकलांमध्ये सगळी करामत एकाच चिपमध्ये असते आणि तिच्यावर काळ्या लाखेसारखा गोळा ओतलेला असतो. तो गेला की यंत्र गेले. आमच्या यंत्रात मात्र चाळीस-चाळीस पायांच्या दोन स्वतंत्र आयसी निघाल्या, तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. त्यांतील एकीत प्रोसेसर आणि आवाज दोन्ही आहेत, दुसरीत चित्र. मूळ जपानी फॅमिकॉममध्येही रचना हीच होती. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या त्या यंत्रासाठी रिको कंपनीने बनवलेल्या चिपमध्ये प्रोसेसरच्या शेजारीच आवाजाची पाच चॅनेल बसवलेली होती.

या पाच चॅनेलविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण या दुकानात मी जे ऐकले ते त्यांच्याशिवाय समजणार नाही. पहिली दोन चॅनेल चौकोनी लहरींची. लहर किती वेळ वर राहते आणि किती वेळ खाली, याचे प्रमाण बदलता येते आणि त्यानुसार आवाजाचा पोत बदलतो: निम्मे-निम्मे असेल तर आवाज पोकळ आणि गोल येतो, पाव भागच वर असेल तर सनईसारखा बारीक आणि टोकदार. तिसरे चॅनेल त्रिकोणी लहरीचे. त्याचा आवाज मऊ आणि खालचा, आणि तो लहान-मोठा करण्याची सोयच नाही, एक तर वाजतो किंवा गप्प बसतो. चौथ्यात नुसती खरखर, जिचे लहान तुकडे करून ढोलकीच्या थापेचा भास निर्माण करायचा. पाचव्यात खऱ्या ध्वनीचे अगदी लहान नमुने वाजवता येतात. पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ते वापरलेले नाही, १९८८ मधील तिसऱ्या भागात मात्र तालवाद्यांसाठी वापरले आहे. एवढ्या साधनांत कोजी कोंदो यांनी १९८५ मध्ये पहिल्या भागासाठी जे संगीत रचले, ते चित्रे आणि नियमांसकट अवघ्या ४० किलोबाइटच्या गेममध्ये मावलेले आहे. आज फोनवरून पाठवलेला एखादा साधा फोटोही याहून मोठा असतो.

आता दुकानातील त्या दुपारचा मुख्य भाग. काकांकडे एक मूळ जपानी फॅमिकॉम आहे, ज्यात त्यांनी एव्हीची जोडणी बसवून घेतली आहे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या नकलांच्या कॅसेटी साठ पिनांच्या, जपानी फॅमिकॉमच्याही साठ पिनांच्या. त्यामुळे माझीच कॅसेट त्यांनी आधी दुरुस्त झालेल्या आमच्या यंत्रात लावली आणि मग काढून जपानी यंत्रात. टीव्ही तोच, स्पीकर तोच. आणि संगीत दोन वेगळ्या गवयांनी गावे इतके वेगळे.

पहिला फरक लयीचा. या गेममधील संगीताचा ठेका टीव्हीच्या चित्राशी बांधलेला असतो. चित्र दर वेळी नव्याने उमटले की प्रोग्राम आवाजाच्या चिपला पुढची सूचना देतो. जपानमध्ये चित्र सेकंदाला साठ वेळा उमटते, आपल्याकडील पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास वेळा, आणि आमचे यंत्र पाल पद्धतीचे आहे. म्हणजे जी सुरावट जपानमध्ये शंभर सेकंदांत संपते तिला आमच्या चाळीत एकशेवीस सेकंद लागत होते. आम्ही मुले ज्या लयीवर उड्या मारत होतो ती मध्य लय होती; कोंदो यांनी लिहिलेली त्याहून चढी होती. दुसरा फरक स्वराचा, आणि तो फारच थोडा. युरोपात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या यंत्रात प्रोसेसरही सावकाश चालत असल्यामुळे स्वर अर्ध्या स्वराहून किंचित जास्तच खाली उतरत असे. नकला बनवणाऱ्यांनी मात्र प्रोसेसरचा वेग जपानी यंत्राच्या जवळ ठेवला, म्हणून आमच्या यंत्रात स्वर अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच उतरलेला आहे. पेटी वाजवणाऱ्याला तो जाणवेल, इतरांना कदाचित नाही. तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा अनेक नकलांच्या चिपमध्ये चौकोनी लहरीची दोन प्रमाणे एकमेकांच्या जागी पडलेली आहेत: संगीतकाराने निम्म्याची मागणी केली की चिप पावाचा आवाज देते आणि पावाची केली की निम्म्याचा. जेथे गोल, पोकळ स्वर अभिप्रेत होता तेथे आमच्या यंत्रातून पिपाणीसारखा टोकदार स्वर निघत होता, आणि आम्ही तोच गेमचा आवाज म्हणून वाढलो.

हे कळल्यावर मी काही वेळ गप्प बसले. पुतणीने दोन्ही यंत्रांवर तोच पहिला टप्पा पुन्हा एकेकदा खेळून दाखवला आणि काकांनी विचारले, “ताई, तुमचा गेम मी तुमच्यासारखाच ठेवू शकतो, किंवा आतला बोर्ड बदलून जपानसारखा करून देऊ शकतो. कोणता देऊ?” हा प्रश्न विचारणारा दुरुस्ती करणारा माणूस मला याआधी भेटलेला नव्हता. ज्याला संगीताच्या इतिहासाचा अभ्यास करायचा आहे त्याने जपानी यंत्रावरच ऐकले पाहिजे, यात मला शंका नाही, कारण रचनाकाराची लय आणि पोत तेथेच आहेत. परंतु माझ्या घरातील यंत्र हे एका विशिष्ट शहरातील, विशिष्ट काळातील कानांची नोंद आहे, आणि ते बदलले तर ती नोंद पुसली जाईल. मी ते आहे तसेच ठेवायला सांगितले. काकांनी फक्त सप्लायचे दोन कंडेन्सर आणि आवाजाच्या वाटेवरील एक असे तीन कंडेन्सर बदलले, कॅसेटच्या खोबणीतील पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या आणि यापुढे फुंकर मारू नका, श्वासातील ओलाव्याने पिना काळ्या पडतात, असे बजावले.

घुंघुं गेल्यावर तीस वर्षांनी मला आणखी एक गोष्ट स्पष्ट ऐकू आली, जी लहानपणी कळत नव्हती. मारिओने उडी मारली की त्या उडीचा आवाज एका चौकोनी चॅनेलवर वाजतो आणि तेवढ्यापुरती संगीतातील साथीची ओळ गप्प होते. मुख्य सुरावट चालू राहते, पण तिच्याखालचा आधार क्षणभर निघून जातो. पाचच चॅनेल असल्यामुळे गेमचे आवाज आणि संगीत यांना एकाच ताटात जेवावे लागते. खेळणारा ज्या लयीत उड्या मारतो, त्या लयीत साथ येते आणि जाते. म्हणून दोन मुलांनी खेळलेला एकच टप्पा कधीही सारखा ऐकू येत नाही. आणि टप्प्याची वेळ शंभराच्या खाली गेली की सगळे संगीत दुगुनीत गेल्यासारखे धावू लागते.

गेमचे संगीत ध्वनिमुद्रिकेसारखे ऐकून त्याचे मोल करता येत नाही, असे माझे मत या दुकानात पक्के झाले. ते साथसंगतीच्या जातीचे आहे. संगीत नाटकात ऑर्गनवादक आणि तबलजी नटाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असतात. नटाने तान लांबवली तर ते थांबतात, त्याने पद पुन्हा घेतले तर तेही पुन्हा घेतात, आणि प्रयोगागणिक पद वेगळे होते. व्हिडिओ गेममध्ये नटाच्या जागी खेळणाऱ्याचा अंगठा आहे. यूट्यूबवर या संगीताच्या स्वच्छ प्रती हव्या तेवढ्या मिळतात, परंतु त्यांत अंगठा नसतो. ही गोष्ट ओळखून या दुकानाने जी सोय केली आहे तीच त्याची दुसरी आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची सेवा आहे: शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत अर्ध्या तासाला दोनशे रुपये देऊन तेथील फळीवर मांडलेली यंत्रे स्वतः खेळून ऐकता येतात.

ही मांडणी पुतणीने केली आहे. ती ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेते आहे आणि यंत्रे सालाप्रमाणे लावली आहेत. सुरुवात टेनिसच्या गेमपासून होते. अटारीचा पाँग १९७२ चा. तो बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न यांच्याकडे प्रेक्षकांच्या जल्लोषाची मागणी झाली होती, पण तेवढे सुटे भाग लावायला जागा नव्हती, म्हणून चित्र जुळवण्यासाठी सर्किटमध्ये आधीच असलेल्या कंपनांतून त्यांनी चेंडूचा टप्पा काढला. फळीवर पाँग नाही, परंतु १९७६ मधील एका चिपवर चालणारा त्याच घराण्यातील गेम आहे: चेंडू बॅटला लागला, भिंतीला लागला आणि गुण झाला, एवढे तीनच आवाज. दहा मिनिटे खेळल्यावर डोळे मिटूनही चेंडू कुठे आहे हे कळू लागते. त्यानंतर टायटोच्या १९७८ मधील स्पेस इनव्हेडर्सचा नमुना, ज्यात उतरत जाणारे चारच खालचे स्वर पुन्हा पुन्हा वाजतात आणि शत्रू कमी होत जातील तसतसे जलद होतात. भजनाच्या शेवटी गजर चढत जातो तेव्हा टाळ वाजवणाऱ्याच्या हाताला जे होते, तेच येथे अंगठ्याला होते. चार स्वरांत एवढा परिणाम साधलेला पाहून मला तोमोहिरो निशिकादो यांच्याविषयी, ज्यांनी हा गेम बनवला, मनापासून आदर वाटला.

सेगाच्या मेगा ड्राइव्हवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. १९८८ मधील या यंत्रात यामाहाची एफएम पद्धतीची चिप आहे: एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते आणि त्यातून धातूसारखा, किंचित करकरीत आवाज तयार होतो. आपल्याकडे हे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत अठरा हजार रुपयांना विकले जात होते. त्या किमतीमुळे ते आमच्या चाळीत कोणाकडेच नव्हते आणि मी ते प्रथमच नीट ऐकत होते. १९९१ मधील सॉनिक या गेमचे संगीत रचणारे मासातो नाकामुरा हे जपानमधील एका लोकप्रिय बँडचे सदस्य. त्यांच्या रचनेत खालच्या स्वरांची चाल इतकी स्वतंत्र आहे की नुसती तीच ऐकत राहावे. काकांच्या मते या यंत्राचे पहिले रूप आवाजाला चांगले आणि दुसऱ्या रूपातील अ‍ॅम्प्लिफायरचा भाग कच्चा. दोन्ही शेजारी ठेवली असल्यामुळे हे ऐकून खात्री करता येते, आणि मला ते पूर्ण पटले.

त्याच्या शेजारी असलेला १९९० मधील सुपर फॅमिकॉम वेगळ्या वाटेने गेला. त्याची आवाजाची चिप सोनीची, केन कुतारागी यांनी घडवलेली. ती लहरी बनवत नाही, तर खऱ्या वाद्यांचे लहान नमुने आठ चॅनेलवर वाजवते. मात्र त्यासाठी मिळणारी स्मृती ६४ किलोबाइटच. त्यामुळे व्हायोलिनच्या एकाच छोट्या तुकड्यातून अख्खा वाद्यवृंद उभा करावा लागे, आणि त्या काळच्या संगीतावर जो एक धूसर, ओल्या भिंतीतून यावा तसा पडदा असतो तो या काटकसरीमुळे आहे. मला मेगा ड्राइव्हचा उघडा करकरीतपणा अधिक आवडला. पुतणीचे मत बरोबर उलट आहे आणि तिने ते उदाहरणे वाजवून मांडले. त्या चर्चेत माझा अर्धा तास संपून दुसरा सुरू झाला, तरी तिने जास्त पैसे घेतले नाहीत.

संगणकाचा कोपरा लहान आहे, पण लॅमिंग्टन रोडवर तो असायलाच हवा, कारण नव्वदीत मुंबईतील कितीतरी घरांतील संगणक याच रस्त्यावर जोडले गेले. जुन्या पीसीच्या आतील स्पीकर एका वेळी एकच स्वर वाजवू शकत असे. प्रिन्स ऑफ पर्शियाचे संगीत आम्ही त्यावर ऐकले. ते संगीत गेम बनवणारे जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी रचले होते, हे मला येथे कळले. १९८९ मध्ये आलेल्या सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टर कार्डाने हे चित्र पालटले. तोच संगणक आधी स्पीकरवर आणि मग कार्डावर ऐकवण्याची सोय त्यांनी ठेवली आहे. याच कोपऱ्यात १९९१ चा मंकी आयलंड या गेमचा दुसरा भाग आहे, ज्यासाठी लुकासआर्ट्समधील मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूझ ही पद्धत घडवली. पात्र एका जागेतून दुसऱ्या जागेत गेले की धून तुटत नाही. योग्य मात्रा येईपर्यंत थांबते, जोडणारा एक लहान तुकडा वाजवते आणि नव्या धुनेत शिरते. समेवर येऊनच पुढची बंदिश सुरू करण्याचा हा शिष्टाचार यंत्राला शिकवलेला पाहून मी तोच दरवाजा दहा-बारा वेळा ओलांडला.

प्लेस्टेशनविषयी मी थोडक्यात लिहिते. १९९४ च्या डिसेंबरमध्ये तो जपानमध्ये आला आणि सीडीमुळे पूर्ण ध्वनिमुद्रित संगीत गेममध्ये घालता येऊ लागले. मिळाले ते मोठे होते: खरे आवाज, खरी वाद्ये, खरी गाणी. परंतु मुद्रित गाणे अंगठ्याकडे पाहत नाही. त्या काळातील अनेक गेममध्ये संगीत एकीकडे आणि खेळ दुसरीकडे चालल्यासारखा वाटतो, आणि आयम्यूझनंतर लगेच हे ऐकले की उणीव ठळक जाणवते. ती भरून काढायला बराच काळ गेला. आज एफमॉड आणि वाइज यांसारख्या साधनांनी संगीतकार धुनेचे थर वेगवेगळे देतात आणि प्रसंगानुसार ते चढतात-उतरतात. २०१२ मधील जर्नी या गेमसाठी ऑस्टिन विंटोरी यांनी केलेले संगीत या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचलेले ते गेमचे पहिले संपूर्ण संगीत. २०२३ पासून तर ग्रॅमीत व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी वेगळा विभागच आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील राजी हा गेम या फळीवर नाही. तो असता तर आपल्या भागात गेमच्या आवाजाची वाट कुठपर्यंत आली आहे, हे ऐकता आले असते, असे मी पुतणीला सुचवले आहे.

आता उणिवा. दुकानाचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना तो कठीण जाईल. काम सावकाश होते: आमच्या यंत्राला सांगितले दहा दिवस आणि लागले तेवीस, आणि मध्ये दोनदा मीच फोन करून विचारले तेव्हा उत्तर मिळाले. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडी असते आणि हॉर्नच्या आवाजात मंद जागा ऐकू येत नाहीत. शनिवारी त्या दोन तासांपुरती ती बंद ठेवली आणि एक पंखा वाढवला तर ऐकणे खूप सुधारेल. हेडफोन एकच जोडी आहे आणि तिच्या उजव्या बाजूचा आवाज कमी येतो. ज्या दुकानाचे कान इतके तयार आहेत तेथे ही गोष्ट राहून जायला नको होती, आणि मी ती स्पष्टपणे सांगितली आहे.

दर्शनी कपाटात विकायला ठेवलेली तयार चिनी हातयंत्रे मात्र घेऊ नयेत, असा माझा सल्ला आहे. हजारो गेम एकाच डबीत मिळतात आणि चित्र सुरेख दिसते, पण मी हाताळलेल्या दोन्हींमध्ये आवाज उशिरा येत होता. जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम आवाज तुटू नये म्हणून थोडा साठवून मग सोडतो. साठा मोठा ठेवला की बटण दाबल्यावर उडी आधी दिसते आणि तिचा आवाज मागून येतो. साथीदार मात्रेच्या मागे राहिला तर गाणाऱ्याचा जीव जसा अडखळतो, तसाच खेळणाऱ्याचा अडखळतो. काकांनीही हे नाकारले नाही. ती यंत्रे विचारत येणाऱ्या मुलांसाठी पुतणीने ठेवली आहेत, असे त्यांनी सांगितले. जुने यंत्र विकत घ्यायचे असेल तर दुरुस्त केलेले आणि तेथेच वाजवून पाहिलेले घ्यावे. त्याला थांबावे लागते आणि पैसेही जास्त पडतात.

माझा हिशेब असा झाला: तपासणीचे तीनशे, तीन कंडेन्सर आणि मजुरी साडेआठशे, पिनांची साफसफाई दोनशे, आणि जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या जागी घेतलेल्या चांगल्या अ‍ॅडॉप्टरचे साडेचारशे, एकूण अठराशे रुपये. काढलेले तिन्ही कंडेन्सर काकांनी कागदाच्या पुडीत बांधून परत दिले आणि बदललेल्या भागांची सहा महिन्यांची हमी पावतीच्या मागे पेनाने लिहून दिली. उपनगरातील त्या तीनशे रुपयांच्या अनुभवानंतर ही रक्कम मला रास्त वाटते.

यंत्र आता आमच्या दादरच्या भाड्याच्या घरात, जुना टीव्ही मिळेपर्यंत, सपाट टीव्हीला जोडलेले आहे. पहिल्या संध्याकाळी भाऊ डोंबिवलीहून आला आणि त्याने पहिला टप्पा सुरू केला, तेव्हा मी पेटी काढून बसले. लहानपणी बसवलेली सुरावट धरली आणि लगेच लक्षात आले की यंत्राचा स्वर पेटीपेक्षा किंचित उतरलेला आहे, तेव्हाही तो तसाच उतरलेला असणार. भावाला मी जपानी लयीची गोष्ट सांगितली. त्यालाही एकदा तो वेग हाताखाली घेऊन पाहायचा आहे, म्हणून येत्या शनिवारी साडेचार वाजताची वेळ आम्ही दोघांच्या नावे घेऊन ठेवली आहे, आणि हेडफोन घरचे नेणार आहोत.